आम्हाला दुसरा आठवडा द्या

मराठी चित्रपटांचे निर्माते, वितरक आणि चित्रगृहांचे चालक यांस,

सप्रेम नमस्कार.

१२ सप्टेंबर २०२५च्या शुक्रवारी ‘दशावतार’, ‘बिन लग्नाची गोष्ट’ आणि ‘आरपार’ असे तीन मराठी चित्रपट एकाच दिवशी प्रदर्शित झाले. मला तिन्ही पाहायचे होते. पहिला त्याच रविवारी पाहिला. दुसऱ्यासाठी मंगळवारी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिसऱ्यासाठी पुढचा रविवार राखून ठेवला, पण गुरुवारी संध्याकाळी खेळांच्या वेळा पाहायला बसले तेव्हा आमच्या शहरातल्या एकाही पडद्यावर तो उरला नव्हता. ललित प्रभाकर आणि हृता दुर्गुळे यांची ही प्रेमकथा कशी जमली आहे, हे मला आजही ठाऊक नाही. या पत्रात बाकी चित्रपटांबद्दल मी मोकळेपणाने लिहिणार आहे. ‘आरपार’बद्दल मात्र मला एक ओळही लिहिता येत नाही. हे पत्र लिहायला बसले ते त्यामुळेच.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमचा पाच जणींचा गट आहे. माझी आई, शाळेतल्या दोघी, शेजारच्या काकू आणि मी. वर्षाला आठ-दहा मराठी चित्रपट आम्ही चित्रगृहात जाऊन, तिकीट काढून पाहतो. ‘मराठी प्रेक्षक घराबाहेर पडत नाही’ असं तुमच्यापैकी कुणी मुलाखतीत म्हणालं की आईला फार लागतं. ती पंचाहत्तरीची आहे, गुडघ्याला पट्टा बांधून जिने चढते. २०२५ या वर्षात आम्ही काय पाहिलं, काय आवडलं, कुठे मन भरलं नाही, आणि काय पाहायचं राहिलं, ते सगळं तुमच्यासमोर ठेवते.

‘दशावतार’पासून सुरुवात करते, कारण आईचं माहेर सावंतवाडीच्या बाजूचं. जत्रेतला दशावतार ती लहानपणापासून पाहत आलेली. देवळासमोर एक बाकडं मांडलेलं, तेच राजाचं सिंहासन. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं आणि नट संवाद जागच्या जागी रचत रात्र काढतात. बाईचं कामही पुरुषच करतो, आपली रंगभूषा आपणच करतो, आणि पहाट झाली की पेटारा बांधून पुढच्या गावच्या वाटेला लागतो. ‘रात्री राजा नि सकाळी डोक्यार बोजा’ ही म्हण या माणसांवरूनच पडलेली. सुबोध खानोलकरांनी हे सारं बाहेरून बघितलेलं नाही, हे पहिल्या वीस मिनिटांतच कळलं. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री आरशासमोर बसून तोंडाला रंग लावतो तेव्हा आई माझा हात धरून म्हणाली, “हो बाबुली आमच्याच गावचो वाटता गो.”

चित्रपट आला तेव्हा प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. त्या वयात नुसतं पडद्यावर येणंही कौतुकाचं ठरलं असतं. इथे तर अख्खा चित्रपट त्यांच्या खांद्यावर आहे. नजर अधू होत चाललेला म्हातारा नट, ‘बाबा, आता पुरे’ म्हणणारा मुलगा, आणि शेवटचं एकदा उभं राहायची ओढ. यातलं प्रेम कुणी बोलून दाखवत नाही. ते जेवणाच्या ताटात आहे, चपला पुढे सरकवण्यात आहे. सिद्धार्थ मेननने मुलाचं काम इतक्या मऊपणे केलंय की मध्यंतरापर्यंत मला या घराच्या बाहेर पडूच नये असं वाटत होतं.

मध्यंतरानंतर काय होतं ते सांगत नाही. तिथे चित्रपटाने मला थोडं दुखावलं, एवढंच सांगते. खाणीच्या धंद्यातली माणसं पडद्यावर आल्या क्षणापासून वाईट आहेत. ती वाईट कशी झाली, गावातल्याच चार जणांना आपल्या बाजूला कशी वळवतात, पैशापुढे गाव आतून कसं फुटतं, हे कोकणातल्या माणसाला रोज दिसतं. ते पडद्यावर आलं असतं तर बाबुलीचा राग आणखी खोल गेला असता. सगळे अवतार दाखवायचे म्हणून काही प्रसंग घाईने उरकल्यासारखे वाटतात. तरीही हा चित्रपट मी दुसऱ्यांदा पाहिला, दुसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा चित्रगृह पहिल्या खेपेपेक्षा भरलेलं होतं. पितृपक्ष चालू होता. त्या पंधरवड्यात लोक नव्या गोष्टीला हात लावत नाहीत म्हणतात. लोक आले, आणि ज्यांनी आधी पाहिला होता ते आपली म्हातारी माणसं घेऊन परत आले.

आता १ मे. महाराष्ट्र दिनाला ‘आता थांबायचं नाय!’ आणि ‘गुलकंद’ एकत्र लागले, आणि त्याच दिवशी ‘रेड २’ हा हिंदी चित्रपटही.

‘आता थांबायचं नाय!’ मी तटस्थपणे पाहूच शकले नाही. या शाळेत येण्याआधी सात वर्षं मी रात्रशाळेत गणित शिकवत होते. शिवराज वायचळ यांच्या या पहिल्या चित्रपटात बृहन्मुंबई महानगरपालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावी करतात. मूळ गोष्ट खरी घडलेली आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांना विनोदासाठी ओळखणाऱ्या प्रेक्षकांना त्यांनी इथे गप्प केलं.

पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. दिवसभर फावडं धरलेल्या हातात पेन येतं तेव्हा ते बोटांत बसत नाही. माणूस पेन मुठीत धरतो, कागद फाटेपर्यंत दाबतो, अक्षर ओळीच्या वर चढत जातं. बाक शाळकरी पोरांच्या मापाचा, त्यात पंचेचाळिशीचा गडी गुडघे दुमडून बसतो. साडेआठच्या सुमाराला त्याचे डोळे मिटू लागतात आणि आपण आवाज चढवत नाही, कारण पहाटे चारला त्याची पाळी सुरू झालेली असते, हे आपल्याला माहीत असतं. बीजगणितातला ‘क्ष’ म्हणजे काय, हे माझ्या एका विद्यार्थ्याला सहा महिने कळलं नव्हतं. एके रात्री तो म्हणाला, “म्हणजे बाई, मुकादमाने हजेरीत नाव लिहायच्या आधी मी जो असतो, तो.” यातलं बरंच काही मला पडद्यावर सापडलं. या माणसांना लाज कशी वाटते, आपल्या मुलांपासून ते पुस्तक कसं लपवतात, हे लेखक-दिग्दर्शकाने नीट ओळखलंय. माझी एकच तक्रार आहे. निकालाच्या दिशेने जाताना पार्श्वसंगीत आमच्या आधी रडू लागतं. एवढ्या खऱ्या माणसांना त्या मदतीची गरज नव्हती.

‘गुलकंद’ आम्ही पाचही जणींनी हसत पाहिला. सई ताम्हणकर, समीर चौघुले, प्रसाद ओक, ईशा डे अशी चौकडी, दोन जोडप्यांचा गोंधळ. समीर चौघुलेंचा साधा नवरा मला मनापासून आवडला. काही प्रसंग छोट्या पडद्यावरच्या प्रहसनाच्या मापाचे आहेत आणि ताणले गेले की विरतात. पण उन्हाळ्याच्या दुपारी घरातल्या सगळ्यांना एकत्र नेता येईल असा चित्रपट वर्षातून किती येतात?

हे दोन्ही चित्रपट चालले. एकाच दिवशी लागूनही चालले, तेव्हा तारखा एकमेकांवर आल्याने काही बिघडत नाही, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. मे महिना होता, परीक्षा संपलेल्या, माणसं मोकळी. आणि आमच्या शहरात तरी दोन्ही चित्रपट पुढच्या आठवड्यात पडद्यावर होते. आम्ही एक पहिल्या रविवारी पाहिला, एक दुसऱ्या. दोनच रविवार मिळाले आणि दोन्ही चित्रपटांना आमची पाच-पाच तिकिटं मिळाली.

६ जूनला ‘जारण’ आला, ‘हाउसफुल ५’च्या दिवशी. हृषीकेश गुप्ते यांनी मनाचा आजार आणि करणीची भीती यांच्यामध्ये प्रेक्षकाला झुलवत ठेवलंय. अमृता सुभाषची राधा पाहून मी दोन रात्री नीट झोपले नाही. अनिता दातेची गंगुटी तर नुसती उभी राहिली तरी पाठीतून शिरशिरी जाते. आमच्या गटात शेवटावरून दोन तट पडले आणि घरी येईपर्यंत रिक्षात वाद चालू होता. माझा तट असा: डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली ज्या राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्या राज्यातल्या चित्रपटाने इतकं मधोमध उभं राहू नये. मनाच्या आजाराकडे थोडं अधिक झुकायला हवं होतं. शेजारच्या काकूंना हे अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं, भीती खरी वाटली म्हणून तर ती बाई खरी वाटली. तो वाद ऐकून आमच्या शाळेतल्या आणखी चौघी पुढच्या आठवड्यात ‘जारण’ पाहून आल्या. त्यांना पाहता आला, कारण तो पडद्यावर होता.

सप्टेंबरकडे परत येते. ‘बिन लग्नाची गोष्ट’ मी रजा टाकून दुपारी पाहिला. प्रिया बापट आणि उमेश कामत १२ वर्षांनी मोठ्या पडद्यावर एकत्र आले, त्याचीच चर्चा अधिक झाली. मला मात्र त्यात भावले ते निवेदिता सराफ आणि गिरीश ओक. दोघं समोरासमोर असतात तेव्हा चित्रपट आपोआप सावकाश होतो, आणि लग्नाच्या विषयावर तरुणांनी म्हटलेल्या वाक्यांपेक्षा या दोघांच्या नजरेतलं अधिक कळतं. चित्रगृहात माझ्यासकट नऊ माणसं होती. मंगळवार, दुपारचे पावणेबारा. माझ्या ओळखीतल्या किमान वीस बायकांनी तो चित्रपट आनंदाने पाहिला असता. त्या वेळी त्या शाळेत, बँकेत, दवाखान्यात नाहीतर स्वयंपाकघरात होत्या.

‘आरपार’ हुकलेल्या त्या रविवारी मी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले. ‘साबर बोंडं’ १९ सप्टेंबरला लागला होता, आमच्या शहरात नव्हता, आणि जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या कथापट विभागात त्याला सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला तेव्हापासून मी त्याची वाट पाहत होते. रोहन कानवडे यांचा हा चित्रपट. आनंद मुंबईत राहणारा, तिशीतला. वडील गेले म्हणून आईबरोबर गावी येतो आणि दहा दिवस तिथेच थांबतो. सुतकाचे नियम, भावकीची ये-जा, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, लग्न कधी. तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो.

पुरुषाने पुरुषावर करायच्या प्रेमाची ही गोष्ट आहे हे मला आधी ठाऊक होतं. तिच्यात इतकं दुःख आणि इतकी शांतता एकत्र असेल असं वाटलं नव्हतं. कॅमेरा बराच वेळ जागचा हलत नाही. दुःखाच्या घरात असतं तसंच. माणसं येतात, बसतात, उठून जातात, भिंत तिथेच राहते. काय वाटून घ्यायचं हे सांगायला कुणी सूर लावत नाही. शेळ्या, झाडं, भांडी, दुरून आलेली हाक, एवढंच ऐकू येतं. आणि आनंदची आई! मुलगा कसा आहे हे तिला माहीत आहे. ती त्यावर भाषण देत नाही, रडत नाही. नातेवाइकांना काहीतरी सांगून वेळ मारून नेते आणि मुलाला जपते. जयश्री जगताप यांनी ही आई ज्या सहजतेने उभी केली आहे, ते पाहून मला माझ्या वर्गातले दोन-तीन मुलगे आठवले. आता ते पंचविशीत असतील. त्यांच्या आया हा चित्रपट पाहतील का, हा विचार परतीच्या एसटीत डोक्यातून गेला नाही.

त्या पाहणार नाहीत. त्यांना तो पाहता येणारच नाही, कारण तो त्यांच्या गावी आला नाही. या चित्रपटातली माणसं जिथली आहेत, त्या गावांजवळच्या कितीतरी पडद्यांपर्यंत तो पोचला नाही. परदेशात ज्याला मान मिळाला त्याला आपल्या तालुक्यात एक संध्याकाळ मिळू नये याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. मराठी प्रेक्षक चित्रपट कसा ठरवतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत असायला हवं. आम्ही विचारून ठरवतो. शुक्रवारी कुणीतरी पाहतं, शनिवारी-रविवारी आणखी काही जण. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत, बँकेच्या रांगेत, भिशीत, लोकलच्या महिलांच्या डब्यात त्याचं बोलणं होतं. बुधवारपर्यंत मन तयार होतं. मग रविवार ठरतो, घरच्यांची जेवणाची सोय लावायची असते, म्हाताऱ्या माणसाला कुणी धरून न्यायचं ते पाहायचं असतं. तो रविवार दुसऱ्या आठवड्यातला असतो. आमची तयारी पूर्ण होते तेव्हा चित्रपट एकतर गेलेला असतो किंवा सकाळी पावणेदहाला ढकललेला असतो.

‘बाईपण भारी देवा’ आठवा. ३० जून २०२३ला लागला. पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात त्याची कमाई वाढली होती. ज्या बायका पहिल्यांदा गेल्या त्या परत येऊन नणंदांना, जावांना, मैत्रिणींना घेऊन गेल्या. नऊवारी नेसून, नथ घालून चाळीस-चाळीस जणींनी एकत्र खेळ पाहिले. तो चित्रपट जर सोमवारी दुपारच्या खेळात ढकलून गुरुवारी उतरवला असता, तर तुम्हीच म्हणाला असता की मराठी बाई घराबाहेर पडत नाही.

पूर्वी आपण चित्रपटाचं यश आठवड्यांत मोजत होतो. २५ आठवडे झाले की रौप्यमहोत्सव. दादा कोंडकेंच्या नऊ चित्रपटांनी तो केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पण त्या दादांनाही ‘सोंगाड्या’साठी झगडावं लागलं होतं. १९७१ साली दादरच्या कोहिनूरमध्ये ‘सोंगाड्या’ला बाजूला सारून ‘तेरे मेरे सपने’ लावायचं ठरलं, दादा बाळासाहेब ठाकरेंकडे गेले, शिवसैनिक उतरले आणि चित्रपट लागला. पुढे तोच रौप्यमहोत्सवी ठरला. त्यानंतर ५४ वर्षांनीही तेच. १८ जुलै २०२५ला ‘ये रे ये रे पैसा ३’ आणि हिंदी ‘सैयारा’ एकाच दिवशी आले, मराठी चित्रपटाचे खेळ काढले गेले आणि पुन्हा राजकीय पक्षांना इशारे द्यावे लागले. खेळ मिळवण्यासाठी आपल्याला अजूनही पक्षांच्या दारी जावं लागतं. मला प्रेक्षक म्हणून याचा त्रास होतो. मला चित्रपट बघायचा आहे. माझ्या तिकिटासाठी काच फुटावी असं मला वाटत नाही.

सरकारकडे गेलं तरी काय होतं, तेही आपण पाहिलंय. एप्रिल २०१५मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणं सक्तीचं करणार असल्याचं जाहीर केलं. मल्टिप्लेक्सवाल्यांनी विरोध केला, आणि दोन-तीन दिवसांत ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी झाली. त्या एका बदलात सगळं गेलं. मंगळवारी दुपारी साडेबाराचा खेळही ‘प्राइम टाइम’मध्ये बसू लागला. कागदावर नियम पाळला जातो आणि नोकरी करणारा माणूस चित्रगृहाबाहेर राहतो. मंत्र्यांनी, अधिकाऱ्यांनी हे पत्र वाचलं तर त्यांना माझी विनंती आहे, ते मूळचे ६ ते ९ परत आणा.

पण मी नियमाची वाट पाहत बसायला सांगत नाही. चित्रगृह चालवणाऱ्यांची अडचण मला समजते. नऊ माणसांसाठी वातानुकूलन चालवायचं, वीज जाळायची, माणसांचे पगार द्यायचे. शेजारच्या पडद्यावर हिंदी चित्रपटाला रांग लागलेली असते. मी तुमच्या जागी असते तर मलाही मोह झाला असता. म्हणून मागणं लहान ठेवते. तुमच्या सर्वांत लहान पडद्यावर, रोज संध्याकाळी साडेसहा किंवा सात वाजता, एकच खेळ. चौदा दिवस तो हलवू नका. आज सातला, उद्या सव्वातीनला, परवा गायब, असं झालं की सांगणाऱ्यालाही सांगता येत नाही. ‘सातला असतो’ एवढं वाक्य जरी शहरात फिरलं तरी ते तुमच्यासाठी काम करतं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवार ते गुरुवार त्या एका खेळाचं तिकीट शंभराच्या आत ठेवून पाहा. आमच्या पाच जणींच्या जागी पंधरा जणी आणायचं काम माझ्याकडे लागलं.

आणखी एक. पुढच्या आठवड्याच्या वेळा गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळत नाहीत. घरात लहान मूल असलेली, आजारी सासू असलेली बाई गुरुवारी रात्री वेळ पाहून रविवारचा बेत करू शकत नाही. निदान त्या एका खेळाची वेळ तरी दोन आठवड्यांसाठी आधी जाहीर करा.

निर्मात्यांनो, तुमच्याकडे मात्र मोठी गोष्ट मागते. एकमेकांशी बोला. १२ सप्टेंबरला तुम्ही तिघं आलात, तिघांचा प्रेक्षक बराचसा तोच, आणि तिघांनी मिळून तेच मोजके पडदे वाटून घेतले. हिंदीवाल्यांनी पडदे खाल्ले हे खरं आहे, पण त्या शुक्रवारी तुम्हीही एकमेकांचे खाल्लेत. तारीख आधी ठरवलेल्याला आधीची तारीख मिळावी आणि पुढच्याने पंधरा दिवस थांबावं, एवढं तुमच्या संघटनेत ठरवता येणार नाही का? ज्या नटांनी, दिग्दर्शकांनी एकमेकांच्या चित्रपटांच्या खास खेळाला जाऊन गळाभेटी घेतल्या, फोटो काढले, त्यांच्या निर्मात्यांना एक दिनदर्शिका समोर ठेवून बसता येऊ नये, हे मला पटत नाही.

आणि जाहिरातीचे सगळे पैसे पहिल्या शुक्रवारच्या आधी संपवू नका. तुमचे कलाकार प्रदर्शनापूर्वी प्रत्येक वाहिनीवर दिसतात, नाचतात, खेळ खेळतात. शुक्रवार झाला की ते नाहीसे होतात. आम्ही चित्रपट पाहून आलेलो असतो, बोलायला उत्सुक असतो, तेव्हा तुमच्या बाजूने कुणी नसतं. ‘दशावतार’ पाहिल्यावर आईला बाबुलीबद्दल किती बोलायचं होतं! दुसऱ्या सोमवारी एखादा दिग्दर्शक जिल्ह्याच्या गावी येऊन संध्याकाळच्या खेळानंतर अर्धा तास बसला, तर त्या रात्री शंभर घरांत त्या चित्रपटाचं बोलणं होईल. मोठे फलक लागत नाहीत, मंडप लागत नाही. दोन खुर्च्या पुरतात. आमच्या शाळेच्या सभागृहातल्या चांगल्या खुर्च्या मी मुख्याध्यापिकांना विचारून आणून देईन.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचही जणी मोकळ्या आहोत. आईने डॉक्टरांकडे जायची तारीखही पुढे ढकलली आहे. ‘आरपार’ कुणी एका पडद्यावर, एका संध्याकाळी परत लावणार असाल तर कृपया वेळ चार दिवस आधी जाहीर करा. पाच तिकिटं नक्की आहेत.

आपली,
एक प्रेक्षक